खाशाबांनी बॅट धरली असती तर

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, या प्रश्नावर मराठी माणसाने अडीचशेहून जास्त वर्षं घालवली आहेत. उत्तर निघालेलं नाही, पण सराव भरपूर झालाय. एवढा सराव वाया कसा घालवायचा? म्हणून हल्ली तोच प्रश्न आपण खेळाडूंना लावतो. अमुक माणूस तमुक खेळात गेला असता तर? 'तमुक खेळ' म्हणजे क्रिकेट, हे वेगळं सांगायला नको. एखाद्या क्रिकेटवाल्याने कबड्डी खेळायला हवी होती म्हणून कुणी हळहळल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर रोज संध्याकाळी एक निवड समिती बसते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, विम्याची कामं करणारे एक गृहस्थ, एक माजी मुख्याध्यापक, आणि चौथी जागा रिकामी असली तर मी. बँकवाल्या काकांची हयात बदल्यांच्या ऑर्डरी काढण्यात गेली. माणूस जिथे सुखाने बसलाय तिथून उचलून त्याला दुसरीकडे टाकायचा, हा त्यांचा हातखंडा. पी. टी. उषाला त्यांनी केव्हाच कव्हर पॉइंटला उभं केलंय. विश्वनाथन आनंदला कर्णधार करून ठेवलंय. "डोकं आहे, शांत आहे, आणि दिवसभर एका जागी बसायची सवय आहे," काका म्हणतात, "स्लिपमध्ये ठेवायचा."

आणि खाशाबा जाधव?

"खाशाबा फुकट गेले हो," काका म्हणाले. "तेवढी ताकद, तेवढी चपळाई, आणि कुस्ती! क्रिकेटमध्ये असते तर आज त्यांच्या नावाने विमानतळ असता."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. विमावाल्यांनीही हलवली. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा माणूस आमच्या बाकावर एकमताने फुकट गेला.

आता मला हिशेब मांडायची खोड आहे. बदली करायची तर ऑर्डरीवर तारीख हवी. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांचं वय १९५२ मध्ये सव्वीस, म्हणजे ऐन उमेदीचं. तेव्हा ते क्रिकेट खेळत असते तर त्या उन्हाळ्यात कुठे असते? हेलसिंकीला नव्हे, इंग्लंडला असते. भारतीय क्रिकेट संघ तेव्हा तिथे दौऱ्यावर होता आणि तिथे काय चाललं होतं ते जुन्या लोकांना विचारा, सांगतील. जूनमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात आपली धावसंख्या होती शून्यावर चार बाद. पंकज रॉय शून्य, दत्ता गायकवाड शून्य, माधव मंत्री शून्य, विजय मांजरेकर शून्य. चारांतले तीन मराठी. मांजरेकरांनी तर पहिल्या डावात १३३ काढले होते, म्हणजे माणूस काही कच्चा नव्हता. पण फ्रेड ट्रूमन नावाचा पहिलीच कसोटी खेळणारा पोरगा समोरून धावत येत होता, आणि बॅट उचलेपर्यंत चेंडू मागे पोचत होता.

पुढे जुलै. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, १९ जुलै रोजी, आपला संघ एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झाला. पहिल्यांदा ५८, दुसऱ्यांदा ८२. ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत आठ जण टिपले. आणि त्याच १९ जुलैला, तिकडे हेलसिंकीत, ऑलिंपिकचं उद्‌घाटन होत होतं. चारच दिवसांनी, २३ जुलैला, खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ मिळवलं.

मी ही तारीखवार माहिती बाकावर सादर केली. म्हटलं, काका, तुमच्या ऑर्डरीप्रमाणे खाशाबा मँचेस्टरला असते, तर पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर येऊन एकाच दिवसात दोनदा बाद झाले असते. विमानतळ कशाला म्हणून बांधायचा?

"ते ट्रूमनला घाबरले नसते," काका म्हणाले.

हे मात्र खरं. घाबरले नसते. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत धरून त्याला फेकायचा. पण ट्रूमन बावीस यार्डांवर. त्याची मान बगलेत यायला मधे अंपायर पार करून जावं लागलं असतं, आणि क्रिकेटच्या नियमांत ते बसत नाही.

खाशाबांच्या त्या पदकामागची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापेक्षा तालमींतच जास्त ऐकायला मिळते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. तिथे ते सहावे आले. १९५२ ला पैसे कुठून आणायचे? गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. प्राचार्यांनी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकलं! क्रिकेटपटूच्या तिकिटासाठी कुणी घर गहाण ठेवल्याचं ऐकिवात नाही. क्रिकेटवर पैज लावून गहाण पडलेली घरं मात्र मला दोन-तीन ठाऊक आहेत.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी ते लढले. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ती कुस्ती संपते न संपते तोच, पुरेशी विश्रांतीही न देता, त्यांना सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर उभं केलं, आणि हरकत घ्यायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. क्रिकेटमध्ये हे शक्य नाही, हा मुद्दा काकांच्या बाजूने मी मोकळ्या मनाने मान्य करतो. क्रिकेटमध्ये खेळाडूंपेक्षा अधिकारी जास्त जातात. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग खाशाबांनी कुस्त्या मारून त्या पैशांतून खर्डेकरांचं देणं फेडलं. १९५५ साली ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, मरणोत्तर.

बैलगाड्यांचं ऐकून विमावाले म्हणाले, "क्रिकेटवाल्यांसाठी उघडी बस असते." म्हटलं, बरोबर आहे, पण १९५२ च्या त्या संघासाठी मुंबईत बैलगाडीसुद्धा निघाली नसती.

विमावाले मूळचे सांगलीचे. सांगलीने १८४३ साली मराठी माणसाला नाटक दिलं, मग विजय हजारे दिले (म्हणजे त्या शून्यावर चार बादचे कर्णधार, पण हा विषय सांगलीकरांसमोर काढू नये), आणि १९३३ मध्ये नंदू नाटेकर दिले. नाटेकर हा विमावाल्यांच्या काळजातला सल आहे. नाटेकर आधी टेनिस खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तिथे रामनाथन कृष्णनकडून हरले. हरल्यावर त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटन धरलं.

"एका पराभवाने कुणी खेळ सोडतं?" विमावाले कळवळून विचारतात. "टेनिसला विम्बल्डन आहे. हिरवळ आहे, स्ट्रॉबेरी आहे, राणीसाहेब आहेत. बॅडमिंटनला काय आहे?"

बॅडमिंटनला काय आहे ते आमच्या सोसायटीत दर डिसेंबरात दिसतं. पार्किंगमध्ये दोन गाड्या मागे घेऊन नायलॉनची दोरी बांधायची, फुलाला दोन टोले हाणायचे, तिसऱ्याला ते दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जातं, आणि त्या गॅलरीतल्या बाईंचं नि खेळणाऱ्या मुलाच्या आईचं गणपतीपासून बोलणं बंद असतं. तिथे खेळ संपतो. या देशात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेला बॅडमिंटनचा सामना कुठला म्हणाल तर १९७० च्या 'हमजोली'तला, जितेंद्र विरुद्ध लीना चंदावरकर, अशी माझी पक्की समजूत आहे. त्या सामन्याचा निकाल काय लागला हे कुणालाही आठवत नाही, गाणं सगळ्यांना येतं.

तर अशा खेळात नाटेकर गेले. विशीतच राष्ट्रीय विजेते झाले. ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. टेनिसमध्ये राहिले असते तर? समोर कृष्णन होता, आणि हा गृहस्थ पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला. म्हणजे नाटेकरांना उरलेलं आयुष्य भारतातला दोन नंबरचा टेनिसपटू म्हणून काढावं लागलं असतं. एकाच आळीत दोन कीर्तनकार नकोत, एवढं शहाणपण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला होतं. आमच्या समितीला ते सत्तरीतही आलेलं नाही.

यातली गंमत पुढेच आहे. १९६१ मध्ये सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षी टेनिससाठी रामनाथन कृष्णन, क्रिकेटसाठी सलीम दुराणी, आणि बॅडमिंटनसाठी नंदू नाटेकर. तिघे एका यादीत. कुठला खेळ मोठा हा वाद सरकारने एका परिपत्रकात मिटवला होता, आम्ही तो बाकावर चालू ठेवलाय. आणि टेनिसचं म्हणाल तर तेही नाटेकरांच्या घरातून गेलं नाही, एक पिढी दम धरून राहिलं. मुलगा गौरव टेनिस खेळला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण मिळवलं, आणि अर्जुन पुरस्कारही घेतला. विमावाल्यांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उंची चांगली होती. क्रिकेटमध्ये..."

समितीचा आवडता मुद्दा असा की दोन खेळ येत असतील तर माणसाने क्रिकेट निवडावं, पुढचं आपोआप होतं. हा प्रयोग एका माणसाने खरोखर करून पाहिला आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन. वेगवान गोलंदाज. १९३४ साली रणजी करंडकाचा पहिलावहिला चेंडू त्यांनी टाकला. आणि हॉकी इतकी चांगली की १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्याबरोबर न्यूझीलंडचा दौरा करून आले. १९३६ उजाडलं. एका बाजूला हॉकी संघाबरोबर बर्लिन ऑलिंपिक, दुसऱ्या बाजूला क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडचा दौरा. दोन्ही एकाच उन्हाळ्यात. गोपालननी आमच्या बाकाचा सल्ला न विचारताही आमच्या बाकाचंच ऐकलं. क्रिकेट निवडलं.

त्या दौऱ्याचे कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, ऊर्फ विझी. राजघराण्यातले होते, म्हणून कर्णधार होते. फलंदाजीशी त्यांचा संबंध कसोटी कारकिर्दीतल्या एकूण ३३ धावांपुरता. दौऱ्यात त्यांनी लाला अमरनाथना शिस्तभंगाच्या नावाखाली पहिल्या कसोटीआधीच बोटीत बसवून परत पाठवलं. बरं, निदान एका अष्टपैलू खेळाडूची जागा तरी रिकामी झाली. गोपालनना ती मिळाली का? नाही. तीन कसोट्यांतली एकही मिळाली नाही. विझींना मात्र त्याच दौऱ्यात 'सर' किताब मिळाला.

आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी, ओव्हलवर शेवटची कसोटी सुरू होत असताना, तिकडे बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला आठ विरुद्ध एक असं लोळवून सुवर्णपदक घेतलं. गोपालन त्या दोन्हीपैकी एकाही मैदानावर नव्हते.

हा किस्सा सांगताना मी विजयी मुद्रेने बाकावर टेकलो होतो. पण मुख्याध्यापक हे मुख्याध्यापक. ते म्हणाले, "त्या सुवर्णपदकवाल्या हॉकी संघातली नावं सांगा पाहू."

"ध्यानचंद."

"पुढे?"

"रूपसिंग. त्यांचे बंधू."

"पुढे?"

पुढचं नाव येईना. काकांना येईना, विमावाल्यांना येईना. तुम्हीही जरा थांबून आठवून पाहा. गोलरक्षक कोण होता? सेंटर हाफ कोण? ऑलिंपिक सुवर्णपदक गळ्यात घातलेली ही माणसं, आपल्यापैकी शंभरात एकालाही ठाऊक नाहीत. आणि ते पदक ज्यांनी घेतलं नाही त्या गोपालनची गोष्ट नव्वद वर्षांनंतर एका बाकावर रंगवून सांगितली जाते. पुढे मद्रास आणि सिलोन यांच्यातल्या सामन्यांचा करंडक त्यांच्या नावाने खेळला गेला. पद्मश्री मिळाली. नव्वदी ओलांडून समाधानाने गेले. खाशाबांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला एकही पद्म आलं नाही.

म्हणजे काकांचं बरोबर होतं की काय? मला दोन दिवस जेवण गोड लागेना. आयुष्यभरात एकच कसोटी खेळून, एक दौरा वाया घालवून, एक सुवर्ण हुकवूनही क्रिकेटवाला आठवणीत राहतो, आणि पदक मिळवलेला सेंटर हाफ राहत नाही, हे उघड आहे. पण यात गोपालनचं कर्तृत्व किती आणि आमच्या बाकाचं किती? हॉकीवाल्यांची नावं आम्ही पाठ केली नाहीत. प्रसिद्धी त्या खेळाडूने गमावली नाही, ती आम्ही त्याला दिली नाही आणि वर त्यालाच म्हणतो, चुकीच्या खेळात गेलास.

जगात हा बदलीचा प्रयोग याहून मोठ्या माणसाने केलेला आहे. मायकेल जॉर्डन १९९३ मध्ये, बास्केटबॉलच्या शिखरावर असताना, निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅम बॅरन्स नावाच्या दुय्यम दर्जाच्या संघात १२७ सामने खेळला. सरासरी पडली .२०२, म्हणजे पाचदा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम एकदा चेंडू धड लागायचा. १९९५ च्या मार्चमध्ये तो बास्केटबॉलकडे परतला आणि आणखी तीन विजेतेपदं घेऊन मोकळा झाला. जॉर्डनची ही गत, तर पार्किंगमध्ये रबरी चेंडू बरा अडवतो म्हणून ज्याला तायक्वांदोतून काढून क्रिकेटच्या शिबिरात घातलं त्या आमच्या विंगेतल्या पोराचं काय? त्याच्या पाठीवरची किट बॅग त्याच्यापेक्षा मोठी आहे. लांबून बघितलं की बॅगच शिबिराला चाललीय आणि सोबत एक मुलगा घेऊन चाललीय असं वाटतं.

आणि सचिन? ही उलटी केस समिती कधीच चर्चेला घेत नाही. वांद्र्याच्या साहित्य सहवासातला हा मुलगा लहानपणी जॉन मॅकेन्रोचा भक्त होता. तसे केस वाढवलेले, कपाळाला तशीच पट्टी. मॅकेन्रो डावखुरा, आणि सचिनही लिहितो डाव्या हातानेच, तेव्हा योग अगदीच नव्हता असं नाही. पुढे क्रिकेटमध्ये आल्यावर त्याला व्हायचं होतं वेगवान गोलंदाज. १९८७ मध्ये तो मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला गेला, आणि डेनिस लिलीने त्याला बघून सांगितलं की बाळ, तू फलंदाजीकडे लक्ष दे. आमची समिती तिथे असती तर लिलीला म्हणाली असती, अहो, जरा थांबा, हा बुद्धिबळाला कसा वाटतो?

धोनी रांचीच्या शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक होता. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना क्रिकेटसाठी यष्टिरक्षक हवा होता, म्हणून त्यांनी याला उचलला. म्हणजे बदली योग्य ठरल्याची एक तरी नोंद आहे, हे काकांना मी लिहून दिलंय. पण तिथेही शिक्षकाने मुलाला चेंडू अडवण्यावरून काढून चेंडू अडवण्यावरच नेमला. काका असते तर त्यांनी त्याला तबल्याला बसवला असता. धोनी पुढे खरगपूरला रेल्वेत टीसी झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हाही रेल्वेत टीसी होता, आणि धोनीचा चाहता. त्याला कुणी बॅट धरायला लावली नाही, हे आपलं नशीब. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, तेही पुन्हा कोल्हापूरशी नातं असलेल्याच माणसाला. टीसी म्हणून त्याच्या नजरेतून किती विनातिकीटवाले सुटले असतील, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो.

राहता राहिला नीरज चोप्रा. टोकियोत त्याने सुवर्ण मिळवल्यावर आपल्या व्हॉट्सॲपवर आधी त्याचं मूळ शोधलं गेलं. पानिपतचा निघाला, तेव्हा मराठ्यांचाच वंशज ठरला. त्याच रात्री काकांनी त्याला जलदगती गोलंदाज केला. "तो हात बघा! ताशी दीडशेच्या खाली चेंडू जाणार नाही." वजन कमी करायला घरच्यांनी व्यायामशाळेत धाडलेला हा मुलगा पानिपतच्या स्टेडियमवर भाला बघतो काय आणि तोच धरतो काय. पॅरिसला त्याच्या पुढे गेला पाकिस्तानचा अर्शद नदीम, ९२.९७ मीटर भाला टाकून. आणि नदीम लहानपणी खेळायचा काय? क्रिकेट. वेगवान गोलंदाजी. ती सोडून भाल्याकडे आला म्हणून सुवर्ण मिळालं. मी हे सांगितलं तेव्हा काका फक्त एवढंच म्हणाले, "पाकिस्तानचं सोडा."

तर माझ्यापुरता निकाल असा: खाशाबा क्रिकेटमध्ये गेले असते तर १९५२ चे एक बारावे खेळाडू झाले असते, आणि कुस्तीच्या आखाड्यातली त्यांची जागा रिकामी राहिली असती. पदक त्यांनी चुकीच्या खेळात घेतलं नाही. ते बघायला आपण चुकीच्या मैदानावर बसलो होतो.

खाशाबांचा जन्मदिवस १५ जानेवारी. महाराष्ट्रात तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. बऱ्याचदा त्याच दिवशी किंक्रांत येते, आणि किंक्रांतीला शुभ काम करू नये म्हणतात. तेव्हा त्या दिवशी तुमच्याकडे वेळ असेल. जवळच्या तालमीत किंवा खो-खोच्या मैदानावर जाऊन तासभर उभे राहा, आणि निघताना तिथल्या निदान दोन खेळाडूंची नावं विचारून घ्या.